फुटलेला सायलेन्सर आणि वेल्डिंगचा टाका

सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या पुढच्या अंगाला बारीक टिकटिक ऐकू येते. चौकापर्यंत जाऊन इंजिन तापलं की ती आपोआप थांबते. बहुतेकांना वाटतं टॅपेट वाजत असतील. टॅपेट सेट करून घेतात, पैसे देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टिकटिक पुन्हा हजर. अशा वेळी पुष्कळदा दोष टॅपेटचा नसतो. सिलिंडर हेडमधून निघणाऱ्या बेंड पाइपला केसाएवढी चीर गेलेली असते. पाइप थंड असताना धुराचा प्रत्येक झोत त्या चिरेतून फटकन बाहेर पडतो. पाइप तापून फुगला की चिरेच्या कडा मिटतात आणि आवाज बंद होतो. पुढे कडा मिटेनाशा होतात, गिअर उतरवताना फटाके फुटू लागतात आणि मग गल्लीतलं शेंबडं पोरही सांगतं की सायलेन्सर फुटलाय.

खात्री करायची तर इंजिन पूर्ण थंड हवं. एकाने हातमोजा घालून सायलेन्सरच्या मागच्या तोंडाला जाड ओलं फडकं धरावं, दुसऱ्याने गाडी सुरू करून ब्रशने साबणाचं पाणी सांध्यांवर सोडावं. बुडबुडे येतील तिथे गळती. पाइप तापायच्या आत, अर्ध्या मिनिटात, हे उरकायचं. बुडबुडे हेड आणि फ्लँज यांच्या सांध्यातून येत असतील तर आनंद माना. आतली गॅस्केटची रिंग बदलली की काम झालं, वेल्डरकडे जायला नको. चिरेची खूण वेगळी असते: पाइपच्या अंगावर एक बारीक रेघ आणि तिच्या कडेने पसरलेली काजळी.

चीर म्हणजे नुसता आवाजाचा त्रास, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. इंजिनातून धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्क्यामागून पाइपमध्ये क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि चिरेतून हवा आत ओढली जाते. थ्रॉटल सोडल्यावर आत आलेलं न जळलेलं पेट्रोल या ताज्या हवेत पेट घेतं, तेच ते फटाके. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत गोष्ट इथे संपायची. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांमध्ये ती पुढे जाते. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. चिरेतून आलेली हवा पाहून त्याला वाटतं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. तो तसं कळवतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. मायलेज उतरतं, प्लग काळा पडतो, आणि माणूस इंजेक्टर साफ करत बसतो.

आता ही चीर येते कुठून? पाइपचा पत्रा साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा. आतून जाणारा धूर हेडच्या तोंडाशी 600-700 अंश सेल्सिअस, कधी त्याहून तापलेला. एक मीटर लांबीचा साधा पोलादी पाइप 400 अंशांनी तापला तर जवळपास 5 मिलिमीटर लांबतो. त्याचं पुढचं टोक हेडला आवळलेलं आणि मागचं चासीला. ते 5 मिलिमीटर कुठे तरी जायला हवेत. म्हणून मागच्या माउंटिंगला रबराचा बुश असतो किंवा लांबट भोक ठेवलेलं असतं. शिवाय इंजिनाची थरथर आहेच. 4,000 आरपीएमवर क्रँक मिनिटाला 4,000 वेळा फिरतो, म्हणजे तासाभरात पाइपला 2,40,000 हेलकावे. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याच्या पाइपला दहा दिवसांत 24 लाख. रबर मऊ असेपर्यंत ते हेलकावे रबर झेलतं. रबर कडक झालं, बुश झिजला, किंवा मागचा बोल्ट कुठल्याशा गतिरोधकावर गळून पडला, की सगळा भार पाइपच्या सर्वांत ताठ जागेवर येतो. ती जागा म्हणजे फ्लँजच्या वेल्डिंगची कड, नाहीतर माउंटिंगची पट्टी पाइपला जोडलेली असते तिथला कोपरा.

एकाच झटक्यात तुटणार नाही अशी तार आपण वाकवत-सरळ करत राहिलो की तुटते, तसंच हे. पोलादाच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा आगगाडीच्या आसांवर झाला. 1842 साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून पन्नासहून अधिक माणसं गेली. असे आस वरून धडधाकट दिसत आणि अचानक तुटत. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी आसांचे तुकडे यंत्रावर लाखो वेळा वाकवून दाखवलं की ज्या भाराने धातू एकदा वाकवून काहीच होत नाही, तोच भार पुन्हा पुन्हा दिला तर धातू फाटतो. बेंड पाइपची चीर त्याच जातीची. म्हणूनच मी म्हणतो, चीर पाइपला पडते, पण दुखणं बहुतेक वेळा माउंटिंगचं असतं. माउंटिंग तसंच ठेवून नुसता टाका मारला तर टाका टिकतो आणि त्याच्या शेजारी नवी चीर जाते. मग लोक वेल्डरला शिव्या घालतात.

गंजाचं प्रकरण निराळं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब पल्ला मारला तर ही वाफ निघून जाते. घर ते दूध केंद्र आणि परत एवढंच चालणाऱ्या गाडीत ती सायलेन्सरच्या पोटात गारठून साचते, धुरातल्या आम्लांसह. असा सायलेन्सर आतून बाहेर गंजत येतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे बाहेरूनही गंजतो, म्हणजे दुहेरी मार. परीक्षा सोपी: भोकाच्या आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. पत्रा टणक लागला तर वेल्डिंग होईल. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले तर वेल्डिंगची आच लागताच भोक मोठं होत जाणार. तिथे टाक्याचा हट्ट सोडून कुजलेला भाग कापून चांगला पत्रा बसवायचा, नाहीतर नवीन पाइप घ्यायचा.

दुरुस्तीतलं सर्वांत नाजूक काम वेल्डिंगचं नाही, पाइप उतरवण्याचं आहे. हेड ॲल्युमिनियमचं, त्यात बसवलेले स्टड पोलादी, त्यावरचे नट वर्षानुवर्षं भाजून गंजलेले. घाईत पान्याला पाइप लावून जोर दिला की नट निघत नाही, स्टडच मुरगळून तुटतो. मग तुटका स्टड ड्रिलने कोरून काढा, हेडमध्ये नवे आटे पाडा, असा चिरेपेक्षा मोठा खर्च उभा राहतो. जाणता मेकॅनिक आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. सकाळी आधी नट जरासा आवळायच्या दिशेने हलवतो, ‘कट्’ असा आवाज आला की मग सोडायच्या दिशेने. पाव आटा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा तेल. पाहणाऱ्याला वाटतं हा वेळ काढतोय. काढू द्या.

पाइप हातात आला की चिरेची दोन्ही टोकं शोधायची. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा चीर नेहमी पुढे गेलेली असते. यासाठी रेल्वेच्या कारखान्यांतली जुनी युक्ती अजून चालते. पाइप घासून लख्ख करायचा, चिरेवर रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, वरचं कोरडं पुसून खडूची पूड चोळायची. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळपट रेघ उमटते. रेघ संपते त्याच्या किंचित पुढे तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. मुळात फुटलेल्या पाइपला आणखी भोकं कशाला, असा प्रश्न गिऱ्हाईक हमखास विचारतं. उत्तर 1913 साली चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने गणिताने दिलेलं आहे: फटीचं टोक जितकं तीक्ष्ण, तितका तिथे ताण एकवटतो. गोल भोक ते तीक्ष्ण टोक खाऊन टाकतं आणि चीर पुढे सरकायची थांबते. नंतर चिरेबरोबर ही भोकंही वेल्डिंगने भरून घ्यायची.

त्यानंतर सफाई, आणि तीही पोटतिडकीने. चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीत क्रोम, रंग, गंज काहीही राहता कामा नये. आतली काजळीसुद्धा जिथवर हात पोचेल तिथवर खरवडायची, कारण ती वितळलेल्या धातूत मिसळली की टाक्यात बारीक भोकं पडतात. आधी कुणी एम-सील किंवा तसलं काही थापलं असेल तर त्याचा कणही ठेवू नका. नळाच्या गळतीला ते ठीक आहे, बेंड पाइपच्या उष्णतेपुढे ते जळून जातं आणि जळताना घाण वास व धूर देतं. क्रोमचा थर ग्राइंडरनेच काढायचा, ज्योतीने उडवायचा नाही. तापलेल्या क्रोमची वाफ फुफ्फुसांना विषारी असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पत्र्याचं ठिगळ तर वापरूच नये. जस्त 907 अंशांनाच उकळतं, पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी. तो पांढरा धूर छातीत गेलेल्या वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. टू-स्ट्रोक गाड्यांचं आणखी एक: येझदी, राजदूत, आरएक्स-100 यांच्या पाइपमध्ये जळक्या तेलाची चिकट साय असते. ती साफ न करता आर्क लावला तर आतलं तेल पेटतं आणि सायलेन्सरच्या मागून धूर येत राहतो.

आता टाका कशाने? आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानात तीन वाटा असतात.

पहिली गॅस वेल्डिंगची. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांची ज्योत 3,100 अंशांपर्यंत जाते; 1903 च्या सुमारास फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी या ज्योतीचा टॉर्च वापरण्याजोगा केला. ॲसिटिलीन म्हणजे कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की निघणारा वायू, जो वापरून आंबे पिकवायला बंदी आहे तोच. काळं सिलिंडर ऑक्सिजनचं, तपकिरी-लाल ॲसिटिलीनचं. ॲसिटिलीनच्या नटांवर खाचा असतात आणि आटे उलटे, म्हणजे चुकून नळ्यांची अदलाबदल होऊ नये. त्या सिलिंडरात वायू ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो, म्हणून ते आडवं ठेवून वापरणारा वेल्डर दिसला तर सरळ दुसऱ्या दुकानात जा. पातळ पाइपला गॅस उत्तम जमतो, कारण आच हाताच्या काबूत राहते. ज्योतीच्या मुळाशी पांढरा, गोलसर टोकाचा स्वच्छ शंकू दिसला पाहिजे. त्यामागे पिसासारखी दुसरी पांढरी ज्योत असेल तर ॲसिटिलीन जास्त आहे, शंकू टोकदार होऊन फुसफुसत असेल तर ऑक्सिजन जास्त. तांब्याचा मुलामा असलेला पोलादी फिलर रॉड, लहान नोझल आणि सबुरी, एवढं असलं की झालं. याच ज्योतीने टाकणखार लावून पितळेचा टाकाही मारतात. तो सुमारे 900 अंशांना वितळतो, मूळ पत्रा वितळत नाही, त्यामुळे काम सुबक होतं. मात्र हेडजवळच्या तापलेल्या भागात पितळ मऊ पडतं. मागे, सायलेन्सरच्या पट्टीला ते चालेल, फ्लँजपाशी नको.

दुसरी वाट आर्कची. गेट-ग्रिल करणाऱ्या प्रत्येक फॅब्रिकेटरकडे हे मशीन असतं, त्यामुळे गरजू माणूस तिथेच पोचतो. ग्रिलची सवय असलेला हात बेंड पाइपला मात्र घातक. त्याचा करंट मोठा, रॉड जाड. एक टिचकी आणि पाइपला शेंगदाण्याएवढं भोक. आर्कने करायचंच असेल तर 6013 जातीचा दोन मिलिमीटरचा रॉड, करंट 50 अँपिअरच्या आसपास, आणि सलग रेघ न ओढता एकेक थेंब टाकायचा, लाली उतरू द्यायची, मग त्याला लागून पुढचा. प्रत्येक टप्प्यावर वरचा पोपडा हातोडीने आणि तारेच्या ब्रशने काढायचा, नाहीतर तो टाक्याच्या पोटात अडकतो. निमूटपणे हे करणारा कारागीर सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

तिसरी टिगची, जिला दुकानात सगळे ‘आर्गॉन’ म्हणतात. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थरॉप विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी ती विकसित केली; तेव्हा हेलियम वापरत, पुढे आर्गॉन आला. टंगस्टनच्या सुईतून आर्क निघतो, भोवती आर्गॉनचं आवरण असल्याने हवा तापल्या धातूला शिवत नाही, आणि फिलर दुसऱ्या हाताने हवा तेवढाच घालता येतो. मला विचाराल तर बेंड पाइपसाठी चार पैसे जास्त देऊन आर्गॉनच करून घ्यावं. पाइप स्टेनलेस स्टीलचा असेल तर पर्यायच नाही. स्टेनलेसच्या आतल्या बाजूलाही आर्गॉन सोडावा लागतो. तो नसेल तर बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या टाक्याची आतली बाजू जळून साखरेसारखी रवाळ होते आणि तिथूनच पुन्हा तडकते. एक बाजू साधं पोलाद आणि दुसरी स्टेनलेस असेल तर 309एल जातीचा फिलर मागा. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, असंही समजू नका. एक्झॉस्टसाठी सर्रास वापरलं जाणारं 409 जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं.

वेल्डिंग कुठलंही असो, गफलत होते ती आकारात. वितळलेला धातू गार होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. टेबलावर ठेवून पूर्ण टाका मारलेला पाइप गाडीला लावायला गेलं की मागचं भोक बोल्टला पाच-सात मिलिमीटर चुकतं. मग पहार घालून, ओढून-ताणून बोल्ट बसवतात. तो ताण पाइपमध्ये कायमचा राहतो आणि पुढची चीर तिथेच लिहून ठेवली जाते. यावर उपाय हा की गाडीलाच साचा बनवायचं. पाइप गाडीला सैल बसवून, सगळे बोल्ट आपापल्या भोकात आले की चिरेवर समोरासमोर तीन-चार बारीक टॅक मारायचे, मग उतरवून टेबलावर पूर्ण करायचं, तेही एका बाजूने सलग नाही तर थोडं इकडे, थोडं तिकडे. गाडीवर टॅक मारण्याआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवायची, बॅटरीची तार सोडायची, ऑक्सिजन सेन्सर खोलून बाजूला ठेवायचा आणि अर्थचा चिमटा पाइपलाच, चिरेच्या अगदी जवळ लावायचा. तो चासीला लावला तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो. गिऱ्हाइकाने शेजारी उभं राहून ठिणगीकडे पाहत बसू नये. पाहणाऱ्याचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात आणि झोप लागत नाही.

गरम टाक्यावर पाणी ओतून तो ‘चटकन’ गार करणं बंद करायला हवं. त्याने टाक्याशेजारचा पत्रा ठिसूळ होऊ शकतो. हवेत गार होऊ द्या. चीर पट्टीच्या कोपऱ्यातून गेली असेल तर नुसती शिवून भागत नाही. तिथे पाइपच्याच जाडीचं, गोल कोपऱ्यांचं ठिगळ लावून भार पसरवावा लागतो. बीएस-6 गाड्यांच्या पाइपमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप दिलेली जाळी. त्या फुगीर भागावर हातोडी चालवायची नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी एक इशारा. कुजलेला भाग कापला तर तेवढ्याच लांबीचा तुकडा परत घाला, ‘बोटभर कमी झाला तर काय होतंय’ म्हणू नका. टू-स्ट्रोक इंजिनात पाइपची लांबी आणि फुगवटा इंजिनाची ताकद ठरवतात. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात पत्र्याचे शंकू जोडजोडून हे शास्त्र बसवलं. त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पळून सुझुकीला जाऊन मिळाला, आणि 1962 मध्ये सुझुकीने त्याच्याच हाती 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. एका पाइपच्या आकारासाठी एवढं रामायण घडलेलं आहे.

चीर पडलीच आहे तर जुना सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवू, असा सल्ला देणारे मित्र प्रत्येकाला असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि जप्त केलेले कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली घातल्याचे फोटो आपल्या शहरांतल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात.

बसवताना गॅस्केटची रिंग नवीन घाला, जुनी चपटी झालेली असते. मागचं रबर आणि बुशही नवे घ्या. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू तीच आहे. सगळे नटबोल्ट आधी हाताने सैल लावा. मग हेडकडचे दोन नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, फ्लँज सारखा बसला की मागचं माउंटिंग आवळा. उलट क्रमाने केलंत तर पाइप ताणलेला राहील. टाक्यावर उष्णता सोसणारा, 600 अंशांचा सिल्व्हर किंवा काळा रंग मारा, कारण उघडं वेल्डिंग पहिल्या पावसात गंजतं. साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा एकदा करा. आणि शंभर-दीडशे किलोमीटर चालवून झाल्यावर, गाडी थंड असताना, सगळे बोल्ट परत एकदा आवळा. नवी रिंग दबून बसते आणि नट सैल पडतात. हे काम मेकॅनिक करणार नाही, कारण तोवर गाडी तुमच्या दारात असते.